जाळीतला अणू एका छायाचित्रात दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही: बिघाड नेमका कुठे शोधावा

समस्या पुढीलप्रमाणे आहे. ऑप्टिकल लॅटिसमध्ये, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या लेसर किरणांच्या उभ्या लहरींनी तयार झालेल्या प्रकाशाच्या जाळीत, रुबिडियम-८७ चे अतिशीत अणू एकेका घरात बसवलेले आहेत. त्यांच्यावर ७८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून, ते जो प्रकाश परत फेकतात तो सेकंदभर टिपला आणि एक छायाचित्र घेतले. लगेच त्याच अणूंचे दुसरे छायाचित्र घेतले. दोन्हींवर तीच संगणकीय प्रक्रिया चालवून कोणत्या घरात अणू आहे आणि कोणते घर रिकामे आहे याचे दोन तक्ते काढले. हे तक्ते जवळपास सारखे यायला हवेत. शंभर अणूंमागे एखाददुसरा फरक पडला तर तो समजून घेता येतो. परंतु अधूनमधून हे फरक पाच-सातवर जातात. मग कोणीतरी उंबरठा मूल्य (घरात किती प्रकाश मोजला गेला की ते भरलेले मानायचे ती मर्यादा) बदलते, आकडा खाली येतो, सगळ्यांचे समाधान होते, आणि आठवड्याभरात तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

याबाबत माझे मत ठाम आहे. उंबरठा मूल्याला हात लावणे ही शेवटची पायरी असायला हवी, आणि आमच्यासह अनेकांकडून ती पहिली पायरी ठरते. फरक किती आहेत हे मोजण्याआधी ते कुठे पडले आहेत याचा नकाशा काढावा. नकाशा पाहिला की बिघाड अणूंत आहे, भिंगात आहे, जाळीत आहे की आपल्या गणितात आहे, हे बहुतेक वेळा तासाभरात कळते.

आम्ही हे काम जळगावात बसून करतो. आमच्याकडे अतिशीत अणूंचे यंत्र नाही. राज्याबाहेरच्या एका सहकारी प्रयोगशाळेतून कच्ची छायाचित्रे येतात, त्यांचे विश्लेषण आमचा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा छोटा गट करतो, आणि शेजारच्या खोलीत एका टेबलावर ७८० नॅनोमीटरचा लेसर डायोड, एक ऑब्जेक्टिव्ह भिंग आणि धातूच्या पातळ थरातले सूक्ष्म छिद्र एवढ्या सामग्रीवर आम्ही प्रतिमेच्या चाचण्या घेतो. छिद्र इतके लहान आहे की भिंगाच्या दृष्टीने तो एक बिंदूच असतो. एकट्या अणूची प्रतिमा कशी दिसेल हे त्यावरून शिकता येते. यंत्रापासून दूर असल्यामुळे एक फायदा झाला. बटण फिरवून पाहण्याची सोय नसल्याने आम्हाला छायाचित्रांतूनच निदान करण्याची सवय लागली.

नांग्या खऱ्या की खोट्या

मुळात अडचण का येते, हे नव्या विद्यार्थ्याला सांगताना मी केळीच्या बागेचा आधार घेतो. तो मला रावेरकडच्या एका विद्यार्थिनीने दिला. बाग पाच बाय पाच फुटांवर लावली आहे. काही रोपे मेली, तिथे नांग्या पडल्या. रोपे लहान असताना वरून ड्रोनने फोटो घेतला तर प्रत्येक रोप वेगळे दिसते. पुढे पाने पसरून एकमेकांत गेली की वरून नुसते हिरवे छत दिसते आणि रोप कुठे आहे, नांगी कुठे आहे हे डोळ्यांना सांगता येत नाही. तरीही लागवड चौफुलीवर झाली आहे, ओळींचे अंतर आणि दिशा ठाऊक आहे, एका झाडाचा पसारा किती असतो हेही ठाऊक आहे. तेव्हा त्या छतातला हिरवेपणा फुलीफुलीवर वाटून नांग्या शोधता येतात. पहिल्या आठवड्यात त्या विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, या नांग्या खऱ्या आहेत की कॅमेऱ्याच्या?" आमच्या सगळ्या कामाचा प्रश्न हाच आहे.

अणूंच्या जाळीत आकडे असे आहेत. १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने केलेल्या जाळीत दोन घरांमधले अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे ५३२ नॅनोमीटर असते. ऑब्जेक्टिव्हचे न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते याचे माप) ०.६८ असेल तर ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशात रेलेच्या निकषाने सुमारे ७०० नॅनोमीटरपर्यंतच दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. म्हणजे घरे जवळ आहेत आणि एका अणूचा प्रतिमेतला पसारा त्यांच्याहून मोठा आहे. २००९ मध्ये हार्वर्डमध्ये मार्कुस ग्राइनर यांच्या गटाने क्वांटम वायू सूक्ष्मदर्शक, म्हणजे जाळीतला एकेक अणू दाखवणारे असे यंत्र, प्रथम यशस्वी केला तेव्हा त्यांच्या जाळीतले अंतर ६४० नॅनोमीटर होते. पुढच्या वर्षी म्युनिकजवळच्या गार्खिंगमध्ये इमॅन्युएल ब्लोख आणि स्टेफान कूर यांच्या गटाने ५३२ नॅनोमीटरच्या जाळीत हेच साधले. तेव्हापासून जाळीची माहिती गृहीत धरून प्रतिमा उलगडणे हा या तंत्राचा कायमचा भाग आहे. बळ यातच आहे आणि धोकाही यातच आहे, कारण फुल्या अर्ध्या घराने चुकीच्या जागी मांडल्या तर प्रत्येक झाड दोन फुल्यांच्या मधोमध पडते आणि गणित मात्र निमूटपणे उत्तर देत राहते.

फरकांचा नकाशा

दोन तक्ते एकमेकांवर ठेवा. पहिल्यात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला अणू लाल ठिपक्याने, पहिल्यात नसलेला आणि दुसऱ्यात उगवलेला अणू निळ्या ठिपक्याने दाखवा. एका छायाचित्राच्या जोडीवर हे करून काही कळणार नाही. शंभरेक जोड्यांचे नकाशे एकत्र करावेत.

सगळे ठिपके लाल असतील आणि ते सर्वत्र सारखे विखुरलेले असतील, तर अणू निसटत आहेत. उरलेल्या वायूच्या रेणूंशी टक्कर झाली की अणू सापळ्यातून उडून जातो. जाळीतले आयुष्य साठ सेकंद असेल तर सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये दीड टक्क्याहून थोडे अधिक अणू जाणारच, आणि त्याला कोणताही अल्गोरिदम उपाय नाही. निर्वात सुधारावा लागेल किंवा एक्स्पोजर कमी करावे लागेल.

लाल ठिपक्याच्या शेजारच्याच घरात निळा ठिपका असेल तर अणूने उडी मारली असावी. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण ती आमच्याही उशिरा लक्षात आली. दाट वस्तीत उडी उडीसारखी दिसत नाही. शेजारचे घर भरलेले असेल तर उडी मारणारा अणू तिथे जातो, दोघांची प्रकाशाच्या साहाय्याने टक्कर होते आणि दोघेही सापळ्यातून बाहेर फेकले जातात. नकाशावर दोन लाल ठिपके दिसतात, निळा एकही नाही, आणि आपण निर्वात पंपाला दोष देत बसतो. म्हणून उडी आणि गळती यांत फरक करायचा असेल तर अणू विरळ करून चाचणी घ्यावी. दहा घरांत एखादा अणू असेल एवढे विरळ. विरळ वस्तीत प्रत्येक उडी लाल-निळ्या जोडीने स्वतःची ओळख देते.

दुसरी स्वस्त चाचणी एक्स्पोजरची आहे. अर्धा सेकंद, एक सेकंद आणि दोन सेकंद अशी तीन मापे घ्यावीत. फरक वेळेच्या प्रमाणात वाढले तर कारण एक्स्पोजरच्या काळात घडणारे आहे. वेळ बदलूनही फरक तेवढेच राहिले तर ते एक्स्पोजरच्या बाहेर, दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळेत किंवा शीतकरणाचा (छायाचित्रणात अणूंना थंड ठेवणारा) प्रकाश पुन्हा सुरू होण्याच्या क्षणी घडत आहेत. वेळ वाढवल्यावर फरक कमी झाले तर फोटॉनच अपुरे पडत होते, आणि फक्त याच स्थितीत उंबरठा मूल्याकडे पाहण्यात अर्थ आहे.

फोटॉन पुरेसे आहेत का, याचा हिशेब कागदावर करता येतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा स्वतः करावा. ०.६८ अ‍ॅपर्चरचे भिंग अणूने सर्व दिशांना फेकलेल्या प्रकाशापैकी साधारण १३ टक्के गोळा करते. वाटेतल्या काचा आणि फिल्टर यांतून ७० टक्के पार झाला आणि कॅमेऱ्याने ८० टक्के नोंदवला असे धरले, तर फेकलेल्या शंभर फोटॉनांपैकी सात कॅमेऱ्यात मोजले जातात. अणू सेकंदाला ६०,००० फोटॉन फेकत असेल तर सेकंदाच्या छायाचित्रात एका अणूमागे सुमारे ४,४०० फोटॉन मिळायला हवेत. प्रत्यक्षात चारशेच मिळत असतील तर उंबरठ्याची चर्चा थांबवून दहापट प्रकाश कुठे हरवला ते शोधावे.

दोन्ही तक्ते जुळले तरी दोन्ही चुकीचे असू शकतात

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो.

दोन छायाचित्रांत फरक कमी आहेत म्हणून घरांचे वाचन बरोबर आहे, असा निष्कर्ष निघत नाही. जाळीची जागा आपण चुकीची धरली असेल आणि दोन्ही छायाचित्रांत तीच चुकीची जागा वापरली असेल, तर दोन्ही तक्त्यांत सारखीच चूक होईल आणि ते एकमेकांशी छान जुळतील. अणूंचा बिघाड छायाचित्रागणिक बदलतो. गणिताचा बिघाड दोन्हींत तसाच उमटतो. म्हणून जुळणीबरोबर आणखी दोन गोष्टी पाहणे बंधनकारक मानावे. पहिली म्हणजे प्रत्येक घरात मोजलेल्या प्रकाशाचा हिस्टोग्राम, म्हणजे किती प्रकाशाची किती घरे आहेत याचा स्तंभालेख. त्यात रिकाम्या घरांची एक आणि भरलेल्या घरांची दुसरी अशा दोन टेकड्या आणि मध्ये खोल दरी दिसली पाहिजे; दरी भरू लागली की काहीतरी बिनसले आहे, मग जुळणी कितीही चांगली असो. दुसरी म्हणजे उरलेली प्रतिमा. वाचलेल्या तक्त्यावरून छायाचित्र पुन्हा रचावे आणि मूळ छायाचित्रातून वजा करावे. खाली नुसता दाणेदार गोंगाट उरला पाहिजे. प्रत्येक अणूच्या एका बाजूला काळी आणि दुसऱ्या बाजूला पांढरी कड उरली असेल तर जाळी त्या दिशेने सरकलेली आहे.

जाळीच्या वर्णनात दिशा, अंतर आणि फेज (घरांची रेघ नेमकी कुठून सुरू होते ते) अशा तीन गोष्टी येतात. दिशा आणि अंतर आठवडे आठवडे टिकतात, कारण ती किरणांच्या मांडणीवर आणि प्रतिमेच्या विस्तारावर अवलंबून असतात. पुष्कळ छायाचित्रांतून एकदा काळजीपूर्वक काढून ठेवली की पुरते. त्यांत चूक असली तर नकाशा ती लगेच दाखवतो: मधला भाग स्वच्छ आणि काठ घाण. अंतरात केवळ ०.५ टक्के चूक धरली तर मध्यापासून पन्नासाव्या घरावर पाव घराचा घोळ होतो. मात्र काठावर फरक दिसले म्हणून चूक अंतराचीच आहे असे समजू नये, कारण जाळीचा लेसर मध्ये प्रखर आणि काठाला मंद असतो, त्यामुळे काठावरची घरे उथळ असतात आणि तिथले अणू खरोखरच जास्त उड्या मारतात. दोन्हींतला भेद उरलेली प्रतिमा सांगते. अंतराची चूक असेल तर काळ्या-पांढऱ्या कडा काठाकडे जाताना क्रमाने वाढतात. खऱ्या उड्यांत तसे होत नाही.

फेज मात्र दर फेरीला बदलते. किरण परत पाठवणाऱ्या आरशाशी उभ्या लहरीचा एक स्थिर बिंदू बांधलेला असतो. आरसा जितका सरकेल तितकीच जाळी सरकते. आरसा १३० नॅनोमीटर सरकला की जाळी पाव घराने सरकली. लेसरची वारंवारता बदलली तरी हेच होते: आरसा अणूंपासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि १०६४ नॅनोमीटरचा लेसर १०० मेगाहर्ट्झने ढळला, तर अणूंच्या जागी जाळी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे घराच्या पाचव्या भागाएवढी सरकते. म्हणून फेज प्रत्येक छायाचित्रासाठी स्वतंत्रपणे काढावी. एकटे पडलेले अणू निवडावेत, प्रत्येकाचे केंद्र पसाऱ्याला वक्र जुळवून काढावे, ते जाळीच्या दोन दिशांवर मोजावे आणि घराच्या लांबीने भागून जी बाकी उरते तिचा हिस्टोग्राम काढावा. बाकीचे शिखर जिथे आहे ती फेज. शिखर अरुंद असेल तर विश्वास ठेवावा. पसरट असेल तर एक्स्पोजर चालू असतानाच जाळी हलत होती.

आमच्याकडे वर्षभर वारंवार येणारा बिघाड हाच होता. आम्ही फेज पहिल्या छायाचित्रातून काढून तीच दुसऱ्याला लावत होतो, कारण दोन्हींमध्ये जेमतेम दोन सेकंदांचे अंतर होते आणि एवढ्यात काय बदलणार असे आम्हाला वाटत होते. नकाशा काढल्यावर लाल-निळ्या जोड्या दिसल्या, म्हणून आम्ही त्यांना उड्या समजलो. पण जोड्या नीट पाहिल्यावर एक विचित्र गोष्ट ध्यानात आली: जवळजवळ प्रत्येक जोडीत निळा ठिपका लालच्या उजवीकडेच होता. खऱ्या उड्यांना डावे-उजवे सारखेच असते. सगळे अणू ठरवून एकाच बाजूला जात नाहीत. त्यांच्याखालची जाळीच त्या बाजूला गेली होती आणि अणू आपापल्या घरात बसूनच तिच्याबरोबर सरकले होते. छायाचित्रणासाठी जाळी खोल करताना लेसरची शक्ती एकदम पुष्कळ वाढवली जाते. त्या किरणाचा आरशापलीकडे गळणारा अंश आरशाच्या धातूच्या बैठकीवर पडून ती तापत होती, आणि दुसऱ्या छायाचित्रापर्यंत जाळी घराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी सरकत होती. अशा स्थितीत एका अणूचा प्रकाश दोन घरांत विभागला जातो, हिस्टोग्रामची दरी भरते, आणि उंबरठा थोडा वरखाली केला की फरक तात्पुरते कमी दिसतात. उंबरठा बदलून बरे वाटायचे आणि बिघाड परत यायचा, त्याचे कारण हे होते.

मे महिना आणि भिंगाचा फोकस

फोकसच्या बाबतीत आम्हाला स्वतःच्या टेबलाने धडा दिला. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. खोलीत एसी आहे, पण तो चालू-बंद होत राहतो, आणि खोलीचे तापमान दिवसभर दोन-तीन अंश वरखाली होते. सकाळी साडेसातला सूक्ष्म छिद्राची प्रतिमा रेखीव यायची आणि दुपारी एकपर्यंत तिचा पसारा नजरेला कळेल इतका वाढलेला असायचा.

हिशेब केल्यावर आश्चर्य उरले नाही. ०.६८ अ‍ॅपर्चरच्या भिंगाची फोकसची खोली, तरंगलांबी भागिले अ‍ॅपर्चरचा वर्ग या नियमाने, जेमतेम १.७ मायक्रोमीटर असते. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रोमीटर प्रसरण पावते, म्हणजे दहा सेंटिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा खांब एका अंशाने तापला की २.३ मायक्रोमीटर वाढतो. आमचे भिंग अशाच खांबावर उभे होते. एका अंशात फोकसची सगळी खोली संपली. तोच खांब इन्व्हार या मिश्रधातूचा असता तर वाढ सव्वाशे नॅनोमीटरच्या आसपास राहिली असती. वातानुकूलित प्रयोगशाळेत तापमान पाव अंशाच्या आत राखतात, म्हणून हा त्रास तिथे लहान असतो. नाहीसा मात्र होत नाही, कारण चुंबकाच्या कुंडल्या (तारेची वेटोळी), लेसर आणि व्हॅक्यूम चेंबर ही सगळी तापणारी साधने भिंगाच्या शेजारीच असतात.

म्हणून फोकस हा दिवसातून एकदा लावून विसरण्याचा विषय नाही. प्रत्येक छायाचित्रातून एकट्या अणूंच्या पसाऱ्याची रुंदी काढावी आणि वेळेसमोर तिचा आलेख ठेवावा. रुंदी हळूहळू वाढत असेल तर भिंग पिएझोच्या (विद्युत दाबाने किंचित लांब-आखूड होणाऱ्या स्फटिकाच्या) साहाय्याने अर्धा मायक्रोमीटर मागे आणि अर्धा मायक्रोमीटर पुढे नेऊन तीन छायाचित्रे घ्यावीत. कोणत्या बाजूला सुधारणा आहे ते लगेच दिसते. दोन्ही बाजूंना पसारा बिघडत असेल आणि एकीकडे तो आडवा, दुसरीकडे उभा लांबत असेल, तर तो दृष्टिवैषम्याचा दोष आहे आणि फोकस फिरवून जाणार नाही. पसाऱ्याला एकाच बाजूला शेपटी असेल तर निर्वात कक्षाची खिडकी आणि भिंग एकमेकांना काटेकोरपणे समांतर नाहीत. ही शेपटी फार फसवी आहे: ती बरोबर शेजारच्या घरावर पडते आणि तिथे अणू असल्याचा भास निर्माण करते, तोही दोन्ही छायाचित्रांत सारखाच.

आपल्या भागातल्या कॉलेजांत प्रकाशशास्त्राचे टेबल उभारणाऱ्यांना जाता जाता एक विनंती आहे. उन्हाळ्यात त्या खोलीत पाण्याचा कूलर लावू नका. तापमान उतरते, पण दमट हवा आणि धूळ थेट भिंगांवर जाते, आणि पुसून पुसून काचेवरचा थर खराब होतो.

शीतकरण ढासळले असेल तर

छायाचित्र काढणे म्हणजे अणूला सतत धक्के देणे आहे. रुबिडियमचा अणू एक फोटॉन शोषून परत फेकतो तेव्हा त्याच्या ऊर्जेत सरासरी ०.३६ मायक्रोकेल्विनइतकी भर पडते. घराची खोली ३०० मायक्रोकेल्विन धरली तर शीतकरणाशिवाय ८०० च्या आसपास फोटॉनांत अणू काठावर येतो. सेकंदाला ६०,००० फोटॉनांच्या वेगाने याला फक्त १४ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात कॅमेऱ्याला साठच फोटॉन मिळालेले असतात. म्हणजे उरलेले सगळे छायाचित्र शीतकरणाच्या कृपेवर निघते. अणूला प्रकाशित करणारा प्रकाशच त्याला थंडही करत असतो, आणि ते शीतकरण जरा कमी पडले की पहिल्यांदा उड्या वाढतात. लिथियम-६ मध्ये हा धक्का सुमारे वीसपट मोठा आहे. लिथियम-६ आणि पोटॅशियम-४० या फर्मिऑन अणूंची (दोन अणू एकाच अवस्थेत न राहणाऱ्या वर्गातल्या) अशी छायाचित्रे २०१५ मध्ये निघू लागली, तेव्हा त्यासाठी रामन साइडबँडसारख्या (दोन लेसरांच्या साहाय्याने अणूची घरातली थरथर पायरीपायरीने उतरवणाऱ्या) वेगळ्या शीतकरण पद्धती वापराव्या लागल्या.

रुबिडियमच्या ध्रुवीकरण-उतार शीतकरणात (प्रकाशाच्या जागोजागी बदलणाऱ्या ध्रुवीकरणाच्या आधारे अणूंचा वेग कमी करण्याच्या पद्धतीत) संशय पहिल्यांदा चुंबकीय क्षेत्रावर घ्यावा. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस आहे आणि ते कुंडल्यांनी काही दशक मिलिगॉसच्या आत शून्य करावे लागते. टेबलाजवळचे लोखंडी कपाट हलवले, नवा आयन पंप बसवला, एवढ्यानेही ते बिघडते. आणखी एक शंका आमचे भुसावळचे विद्यार्थी नेहमी काढतात, ती रेल्वेची. विद्युत इंजिनाच्या तारेत २०० अँपिअर वाहत असतील आणि परतीचा प्रवाह धरला नाही, तर १०० मीटरवर सुमारे ४ मिलिगॉसचे, ५० हर्ट्झने डोलणारे क्षेत्र पडते. ध्रुवीकरण-उतार शीतकरण तेवढे सोसेल, पण चुंबकीय क्षेत्राला संवेदनशील असलेल्या अवस्था वापरून रामन शीतकरण करायचे असेल तर हे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. खान्देशात कधी असे यंत्र उभे राहील तेव्हा जागा निवडणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. ते उभे राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नकाशावर फरकांचे समांतर पट्टे दिसत असतील तर शीतकरणाच्या किरणांचीच आपापसात उभी लहर बनली आहे. काही ओळींना भरपूर प्रकाश मिळतो, काही ओळी अंधारात राहतात आणि तिथले अणू मंद दिसतात. किरणांची वारंवारता एकमेकांपासून काही दशक हर्ट्झने वेगळी ठेवली किंवा त्यांचे आरसे पिएझोने हलते ठेवले, की एक्स्पोजरच्या काळात पट्टे पुसले जातात.

जाळीची खोली बदलली आणि शीतकरणाच्या प्रकाशाची वारंवारता तशीच ठेवली, तरीही गणित चुकते. ३०० मायक्रोकेल्विन म्हणजे वारंवारतेच्या भाषेत सव्वासहा मेगाहर्ट्झ, आणि रुबिडियमच्या संक्रमणाची नैसर्गिक रुंदीच सहा मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. जाळी अधिक खोल केल्याने अणू अधिक स्थिर होतील, असे समजून लेसरची शक्ती वाढवली आणि अणूच नाहीसे झाले, ही तक्रार बहुधा याच कारणाने येते.

कॅमेरा

कॅमेऱ्यावर फार वेळ घालवू नये; तो क्वचित दोषी असतो. इलेक्ट्रॉन-गुणक कॅमेऱ्यात (प्रत्येक इलेक्ट्रॉनचे अनेक करून मंद प्रकाशही मोजणाऱ्या) गुणन चालू असले की गोंगाट √२ पट वाढतो, म्हणून एका अणूमागे हजारो फोटॉन मिळत असतील तर गुणन कमी करून पाहावे. मागून प्रकाश घेणाऱ्या पातळ सिलिकॉनच्या चिपवर ७८० नॅनोमीटरला लाटांसारखे पट्टे उमटू शकतात. ते कॅमेऱ्याला चिकटलेले असतात; प्रतिमा चिपवर थोडी सरकवली आणि पट्टे जागचे हलले नाहीत, तर दोष चिपचा. १६ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि १३० पट विस्तार असेल तर एका घराला चार पिक्सेलांहून थोडे अधिक मिळतात, आणि तेवढे पुरेसे असतात.

बिघाड नसलेला बिघाड

मॉट अवस्थेतल्या (प्रत्येक घरात ठरावीक पूर्ण संख्येने अणू बसलेल्या) ढगाच्या अगदी मध्यभागी गोल रिकामी जागा दिसते आणि विद्यार्थी घाबरतात. तिथे बहुधा घरटी दोन अणू असतात. छायाचित्रणाचा प्रकाश पडताच जोडीतले दोन्ही अणू टकरीने बाहेर जातात, म्हणून या पद्धतीत घरातल्या अणूंची संख्या सम असेल तर घर रिकामे दिसते आणि विषम असेल तर एक अणू दिसतो. ही नांगी दोन्ही छायाचित्रांत सारखी, काठाशी रेखीव आणि ढगाच्या मध्याभोवती असते. तिच्यासाठी काहीही दुरुस्त करू नये.

आम्ही आता काय करतो

प्रत्येक छायाचित्राच्या फाइलबरोबर आम्ही चार आकडे नोंदवतो: दोन दिशांची फेज, एकट्या अणूच्या पसाऱ्याची रुंदी आणि हिस्टोग्रामच्या दरीची खोली. याशिवाय मोजलेला पसारा वापरून संगणकावर खोटी छायाचित्रे तयार करतो. त्यांत अणू कुठे ठेवले हे आपल्यालाच ठाऊक असते, फोटॉनांची संख्या आणि फेजची चूक आपण हवी तशी घालू शकतो, आणि मग खऱ्या नकाशावर दिसणारा नमुना कोणत्या खोट्या बिघाडाशी जुळतो ते पाहतो. घराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी फेजची चूक घातल्यावर एकतर्फी जोड्यांचा तोच नमुना हुबेहूब उमटला, तेव्हाच आम्ही सहकारी प्रयोगशाळेला पत्र लिहिले.

त्यांनी आरशाच्या मागे गळणारा किरण शोषक ठोकळ्यात सोडला आणि बैठकीला उष्णतेची आड दिली. आम्ही दुसऱ्या छायाचित्राची फेज स्वतंत्रपणे काढू लागलो. एकतर्फी जोड्या नाहीशा झाल्या. काठावरच्या दोन-तीन ओळींत अजून उड्या दिसतात, आणि त्या डावीकडे-उजवीकडे सारख्या आहेत. त्या खऱ्या आहेत, जाळीचा लेसर तिथे मंद पडतो म्हणून आहेत, आणि किरण रुंद होईपर्यंत त्या ओळी आम्ही मोजणीत धरत नाही. उंबरठा मूल्य तेव्हापासून बदललेले नाही.